हिरव्या पडद्यावर वेब: एएस/४००च्या टर्मिनलवर ब्राउझर चालवलाय का कोणी?

हिरवा_पडदा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी चाकणच्या बाजूला एका सुट्या भागांच्या कंपनीत सिस्टीम बघतो. कंपनीचं सगळं काम एएस/४०० ह्या आयबीएमच्या सर्व्हरवर चालतं. आता त्याला आयबीएम आय म्हणायचं असं आयबीएम सांगते, पण आमच्याकडे सिक्युरिटीवाल्यापासून एमडींपर्यंत सगळे 'एएस फोर हंड्रेड'च म्हणतात. अकाउंट्समध्ये पाच टेबलांवर छोटे थिन क्लायंट (सर्व्हरचा पडदा दाखवण्यापुरते डबे) आहेत. चालू केले की थेट ५२५०चा (एएस/४००च्या टर्मिनलचा) साइन-ऑन पडदा येतो, काळ्यावर हिरवी अक्षरं. विंडोज नाही, माउस नाही, ब्राउझर नाही. फोन आत न्यायला बंदी.

अडचण आयएफएससी कोडची. पुरवठादाराचा बँक मास्टर भरणाऱ्या काकू कागदावरून कोड टाइप करतात. अकरा अक्षरांमधलं पाचवं कायम शून्य असतं, आणि कागदावर ते इंग्रजी ओसारखं दिसतं. त्यात २०१९-२०च्या बँक विलीनीकरणात कितीतरी शाखांचे कोड बदलले. पैसे परत आले की बोंब माझ्या नावाने. कोड बरोबर आहे का हे नेटवर बघायचं, तर काकूंना जिना चढून माझ्या टेबलापर्यंत यावं लागतं, आणि त्यांचे गुडघे दुखतात.

रात्री मशीन रिकामं असताना म्हटलं, ह्याच हिरव्या पडद्यावर वेब का उघडू नये? पेसमध्ये (एएस/४००च्या पोटात एआयएक्सचे, म्हणजे आयबीएमच्या युनिक्सचे, प्रोग्रॅम चालवायची जी सोय आहे ती) एआयएक्ससाठी बांधलेलं लिंक्स, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणारा ब्राउझर, टाकलं. कॉल क्यूपी२टर्म केलं (पेसमध्ये शिरायचा हुकूम), लिंक्स चालवलं. ते म्हणालं, तुमच्या टर्मिनलचा प्रकार ओळखीचा नाही, प्रकार सांगा. मी व्हीटी१०० (युनिक्सवाल्यांचा नेहमीचा टर्मिनल) लिहून एंटर मारला. पडद्यावर अर्धचौकोनी कंस, अंक, सेमीकोलन यांचा नुसता सडा पडला. बाण दाबला तर कर्सर माझ्याच इनपुटच्या ओळीत फिरतोय, लिंक्सला त्याचा पत्ताच नाही.

कोणी हे करून बघितलंय का? का मी उगाच भिंतीवर डोकं आपटतोय?

चाकणचा_चक्रम

एक सात हजारांचा टॅबलेट घेऊन द्या काकूंना. धागा संपला.

हिरवा_पडदा

तो मागितला होता. अर्ज फिरतोय.

टेलनेट_तात्या

हिरवा, भिंत खरी आहे, पण डोकं चुकीच्या ठिकाणी आपटतोयस.

व्हीटी१०० आणि ५२५० ह्या दोन वेगळ्या जाती आहेत. व्हीटी१०० म्हणजे फोनवरचं बोलणं. तू एक कळ दाबलीस की ते अक्षर तिकडे पोचतं, तिकडचा प्रोग्रॅम लगेच उत्तर देतो, कर्सर हलवतो. ५२५० म्हणजे पोस्टातला मनीऑर्डरचा फॉर्म. खिडकीतून कोरा फॉर्म मिळतो, तू बाकावर बसून सावकाश भरतोस, खाडाखोड करतोस, खिडकीतल्या माणसाला काही घेणंदेणं नाही. एंटर दाबलास (किंवा एफ३, एफ१२, पेज डाउन) की अख्खा फॉर्म एकदम आत जातो. आतला माणूस तो वाचतो आणि दुसरा फॉर्म बाहेर सरकवतो. मधल्या काळात तू बाण दाबलास काय आणि नाही दाबलास काय, मशीनला ते कधी कळतच नाही. ह्याला ब्लॉक मोड म्हणतात.

लिंक्स, व्हीआय, असले सगळे प्रोग्रॅम फोनवर बोलणारे. त्यांना प्रत्येक कळ तिथल्या तिथे हवी. क्यूपी२टर्म तुला देतं ती फक्त एक इनपुटची ओळ आणि वर सरकत जाणारा मजकूर. तू पाहिलेला सडा म्हणजे कर्सर इकडे ने, पडदा पूस असे हुकूम, जे पाळायला तिथे कोणी नव्हतं म्हणून अक्षरं बनून सांडले.

ह्यात ५२५०ची काही चूक नाही हो. शे-दोनशे माणसं एका मशीनवर दिवसभर व्हाउचर भरत बसायची, तेव्हा प्रत्येक कळीला प्रोसेसर जागा केला असता तर मशीन झोपलं असतं. फॉर्म भरून झाला की मगच हाक मारायची, म्हणूनच एवढ्याशा मशीनवर अख्खा कारखाना चालायचा.

मीच_तो_कोबोलवाला

+१ तात्या. मनीऑर्डर म्हणजे काय ते आता नव्या पोरांना वेगळं समजावून सांगायला लागेल, ते सोडा.

सर्व्हरसुंदरी

एक बाळबोध शंका. लिंक्स म्हणजे नक्की कुठलं लिंक्स? दोन आहेत ना?

टेलनेट_तात्या

अगदी बरोबर पकडलंत ताई. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात ही आपल्या लिपीची कृपा. एक रानमांजराच्या नावाचं, वायवालं, १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात सुरू झालेलं. मुळात ते विद्यापीठाची आतली माहिती दाखवण्यासाठी होतं, वेब त्याला १९९३मध्ये जोडलं. दुसरं दुव्यांच्या नावाचं, १९९९चं, प्राग शहरातलं, ते टेबलं वगैरे नीट मांडतं. ह्या धाग्यापुरतं पहिल्याला 'मांजर' म्हणूया, नाहीतर गोंधळ होईल.

हिरवा_पडदा

मांजरच टाकलंय मी.

तात्या, फॉर्मचं पटलं. मग एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय) पेसमध्ये शिरून मांजर चालवलं तर? माझ्या लॅपटॉपवरून पुटी हा टर्मिनलचा प्रोग्रॅम लावून बघतो.

(तासाभराने) चाललं! पुटीमधून मांजर झकास चालतंय, बाण वगैरे सगळं. म्हणजे एएस/४००वर ब्राउझर चालला असं म्हणायला हरकत नाही. पण काकूंच्या डब्यात पुटी नाही. तिथे फक्त ५२५०.

चाकणचा_चक्रम

म्हणजे ज्याच्याकडे आधीच लॅपटॉप आणि क्रोम आहे तो लॅपटॉपवरून पुटी लावून एएस/४००मध्ये जाऊन तिथून वेब बघणार. पुण्याहून मुंबईला व्हाया नागपूर.

जुनं_खोड

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. 'मांजर' वाचलं आणि राहवलं नाही.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा चित्रांसकट वेब बघायचं तर वर्षाला १५ हजार मोजावे लागायचे. विद्यार्थ्यांसाठी पाचशे रुपयांत शेल अकाउंट मिळायचं, त्यात चित्रं नाहीत, फक्त अक्षरं. मी तेव्हा मुंबईत शिकत होतो. मोडेम किंचाळायचा, मग लॉगिन, मग मेन्यू, आणि त्यातून हे मांजर. आम्हाला कित्येक महिने वाटत होतं की वेब म्हणजे अशीच असते, काळ्यावर पांढरी. चित्राच्या जागी चौकटी कंसात इंग्रजीत 'इमेज' एवढाच शब्द यायचा. आईने हॉलमधला फोन उचलला की सगळं तुटायचं. काही पोरं स्लर्प नावाचा प्रोग्रॅम शेलमध्ये चालवून गुपचूप चित्रांची वेब बघायची, त्यांना हॉस्टेलवर फार मान होता.

त्या मांजराचीच एक गोष्ट आठवते, ती हिरव्याच्या कामाची आहे. त्याच्या ऑप्शनमध्ये दुव्यांना आकडे द्यायची सोय असते. प्रत्येक दुव्याआधी [१], [२], [३] असे आकडे येतात. आकडा टाइप करून एंटर मारला की तो दुवा उघडतो. बाणांची गरज नाही. आमचा की-बोर्ड मोडका होता म्हणून मी ते वापरायचो.

टेलनेट_तात्या

खोडकाका, दंडवत. उत्तर तुम्ही दिलंत. आकडा लिही आणि एंटर मार, हाच तर ब्लॉक मोड!

आणि ही कल्पना मांजराचीही नव्हे. सर्न ह्या जिनिव्हाजवळच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, वेबचा जनक टिम बर्नर्स-लीचा पहिला ब्राउझर फक्त नेक्स्ट नावाच्या महागड्या मशीनवर चालायचा. बाकीच्यांकडे ते मशीन नव्हतं. मग निकोला पेलो ह्या गणिताच्या विद्यार्थिनीने, जी लेस्टर पॉलिटेक्निकमधून तिथे आली होती, लाइन मोड ब्राउझर लिहिला. १९९१ची गोष्ट. त्याची अटच होती की कुठल्याही टर्मिनलवर, अगदी कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपवरसुद्धा चालला पाहिजे. म्हणून कर्सर हलवणं नाही, पडदा पुसणं नाही. मजकूर ओळीमागून ओळ छापायचा, दुव्यामागे कंसात आकडा, खाली विचारायचं, कुठला? आकडा लिहा, एंटर.

सर्नमधल्या लोकांना वेबची गोडी लागली ती कशाने, माहितीये? आयबीएमच्या मेनफ्रेमवर असलेली सर्नची फोन डिरेक्टरी वेबवरून बघता यायला लागली, त्याने. म्हणजे वेबचा पहिला रोजच्या कामाचा उपयोग एका धंदेवाईक डब्यातली माहिती अक्षरी पडद्यावर आणणं हाच होता. हिरवा जे करू बघतोय ते मुळात तिथूनच निघालंय.

तेव्हा हिरव्या, मांजर अंगणात सोडू नकोस. पिशवीत घालून आण. -डंप लावलंस की मांजर पान उघडतं, साधा मजकूर करून ओततं आणि निघून जातं. दुव्यांना आकडे, आणि शेवटी त्या आकड्यांच्या पत्त्यांची यादी. तो मजकूर सबफाइलमध्ये (५२५०च्या पडद्यावरची पानापानाने सरकणारी यादी) भर आणि खाली एक खिडकी ठेव, 'दुवा क्रमांक'. बस.

रोचेस्टरवाली

अरे वा, एएस/४००चा मराठी धागा! मी मिनेसोटात रोचेस्टरला असते, जिथे हे मशीन जन्मलं त्याच गावात. मी आयबीएममध्ये नाही हं, हॉस्पिटलमध्ये आहे, पण शेजारी दोन निवृत्त काका आहेत ज्यांची अख्खी नोकरी सिस्टम/३८ (एएस/४००च्या आधीचं मशीन) आणि एएस/४००वर गेली. इथली आयबीएमची इमारत निळी, एरो सारिनेन ह्या वास्तुकाराने केलेली, १९५८ची. मशीनचं गुपित नाव सिल्व्हरलेक होतं, ते गावातल्या तळ्यावरून. वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे ते तळं हिवाळ्यात गोठायचं नाही, म्हणून हजारो कॅनडा गीज (रानहंस) इथेच मुक्काम ठोकायचे. २१ जून १९८८ला मशीन जाहीर झालं. एक काका अजून अभिमानाने सांगतात की एटीएट साली लिहिलेला प्रोग्रॅम आजच्या पॉवर सर्व्हरवर तसाच चालतो.

त्यांना तुमचा प्रश्न विचारला. हसले. म्हणाले, आम्ही नव्वदीत नेमकं उलटं केलं होतं, ५२५०चा पडदा एचटीएमएल करून ब्राउझरला द्यायचा, वर्कस्टेशन गेटवे म्हणून. हिरव्या पडद्यात ब्राउझर आणायची बुद्धी कोणाला झाली नाही.

सर्व्हरसुंदरी

झाली होती की. मेनफ्रेमच्या व्हीएम/सीएमएसवर शार्लट नावाचा ब्राउझर होता, ३२७० टर्मिनलसाठी. ३२७० म्हणजे ५२५०चा थोरला चुलतभाऊ, तोही फॉर्मवालाच.

पण मला तुमच्या आयएफएससीसाठी ब्राउझर कशाला हवाय तेच कळत नाहीये. रेझरपेची खुली एपीआय (प्रोग्रॅमने थेट माहिती मागायची सोय) आहे. पत्त्याच्या शेवटी कोड चिकटवा, बँक, शाखा, पत्ता असं सगळं जेसन ह्या प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या साच्यात परत येतं. कोड चुकीचा असेल तर 'सापडला नाही'. आयबीएम आयच्या एसक्यूएलमध्ये एचटीटीपी_गेट आहे, जेसन_टेबल आहे. चार ओळींचं एसक्यूएल, आरपीजीमध्ये (एएस/४००वरची प्रोग्रॅमिंगची भाषा) घाला, बँक मास्टरच्या पडद्यावर कोड भरून एंटर मारला की शाखेचं नाव शेजारी उमटेल. काकूंना कसलं मांजर नको आणि कुत्रं नको. जुनी आवृत्ती असेल तर स्कॉट क्लेमेंटचं एचटीटीपीएपीआय वापरा, आरपीजीत लिहिलेलं आहे, फुकट.

हिरवा_पडदा

सुंदरीताई, खरं सांगू? तुमचं ऐकून काल दुपारीच ते करून टाकलं. दोन तास लागले. कोड भरला की शाखा उमटते. काकूंनी पहिलाच कोड ओ घालून भरला, खाली लाल ओळ आली, त्या म्हणाल्या 'अगं बाई'. पाचव्या जागी ओ आला तर आपणच शून्य करायचा, एवढी भर मी घातली.

काम संपलं. पण आता खाज सुटलीये. ब्राउझर करणारच.

चाकणचा_चक्रम

हे आधीच कबूल केलं असतं तर मी टॅबलेटचा सल्ला दिलाच नसता. खाजेसाठी असेल तर पूर्ण पाठिंबा.

हिरवा_पडदा

प्रगती अहवाल, आठवड्यानंतर.

पहिली ठेच: एआयएक्सवालं मांजर जुन्या ओपनएसएसएलबरोबर (सुरक्षित जोडणी करणारा भाग) बांधलेलं होतं. आजचे सर्व्हर किमान टीएलएस १.२ ही नवी सुरक्षित पद्धत मागतात, त्यामुळे दहातली नऊ पानं हस्तांदोलनालाच नाही म्हणायची. नवं बांधायचा प्रयत्न दोन रात्री केला आणि सोडून दिला. कोपऱ्यात एक जुना लिनक्स डबा प्रिंट सर्व्हर म्हणून पडून होता, त्याच्यावर ताजं मांजर टाकलं. एएस/४००चा प्रोग्रॅम त्या डब्याला पत्ता देतो, डबा मांजराकडून -डंप करून साधा मजकूर परत पाठवतो. ब्राउझरसाठी उत्पादनाचं मशीन थेट बाहेरच्या जगाशी बोलत नाही हा फायदा आपोआप झाला.

दुसरी: रुंदी. पडदा २४ ओळी, ८० अक्षरं. वर शीर्षक, खाली कळींची यादी, मेसेजची ओळ आणि दुव्याची खिडकी, उरल्या १८ ओळी. ५२५०मध्ये रंग बदलायचा हुकूम स्वतः एक अक्षराची जागा खातो, म्हणून दुवा उठून दिसावा तर त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामी जागा सोडावी लागते. मांजराला -विड्थ=७६ सांगितलं, आता बरं बसतं.

तिसरी ठेच कळत नाहीये म्हणून इथे आलो. माझ्या लॅपटॉपवरच्या ५२५०मध्ये दुवे [१] [२] असे नीट दिसतात. काकूंच्या डब्यावर तेच पान उघडलं तर दिसतं:

¬१| मुख्य पान   ¬२| शाखा शोधा   ¬३| संपर्क

कंस गेले कुठे? आकडे बरोबर, अक्षरं बरोबर, फक्त कंसांची भुतं झालीत.

मीच_तो_कोबोलवाला

हाहाहा. ह्यासाठी मी वीस वर्षं वाट बघत होतो.

एएस/४०० आस्की बोलत नाही, एब्सिडिक बोलतं (दोन्ही अक्षरांना आकडे द्यायच्या पद्धती). आणि एब्सिडिकची गावागणिक बोली वेगळी. तुमचं मशीन सीसीएसआयडी (बोलीचा क्रमांक) ३७ असणार, भारतात बहुतेक तेच असतं. ३७मध्ये उघडता चौकटी कंस हेक्समध्ये बीए, बंद होणारा बीबी (पदव्या नव्हेत). काकूंच्या डब्यात होस्ट कोड पेज (म्हणजे हीच बोली) ५०० निवडलेलं असणार. ५००मध्ये बीए म्हणजे ¬ आणि बीबी म्हणजे |. मशीनने बरोबर पाठवलं, डब्याने चुकीच्या बोलीत वाचलं.

गंमत अशी की ३७ आणि ५०० ह्यांच्यात मोजून सात चिन्हं वेगळी आहेत: दोन्ही चौकटी कंस, उद्गारचिन्ह, उभी रेघ, ^, ¬ आणि सेंटचं ¢. अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, सगळं सारखं. त्यामुळे अकाउंट्समध्ये कोणाच्या लक्षात यायचं कारणच नाही. एक करा, काकूंना विचारा, एखाद्या मेसेजच्या शेवटी बंद कंस दिसतो का?

हिरवा_पडदा

कोबोलवाले साहेब, पाय कुठे आहेत तुमचे?

थिन क्लायंटच्या सेटिंगमध्ये खरंच ५०० होतं. डबे बसवणाऱ्याने यादीतलं 'इंटरनॅशनल' बघून निवडलं असणार. ३७ केलं, कंस आले.

आणि काकूंना विचारलं. म्हणाल्या, 'हो रे, तो दिवसअखेरचा मेसेज येतो ना, बॅच पोस्टेड, त्याच्यापुढे एक कंस असतो. मला वाटायचं सुरुवातीचा कंस कोणीतरी विसरलंय.' ते मुळात उद्गारचिन्ह आहे! माझ्या आधीच्या माणसाने हौसेने घातलेलं. सहा वर्षं त्या अर्धा कंस बघतायत आणि मनातल्या मनात प्रोग्रॅमरला नावं ठेवतायत.

जुनं_खोड

मराठी पान उघडलं का? काय दिसलं?

हिरवा_पडदा

उघडलं. काहीच दिसलं नाही. म्हणजे ठिपके आणि चौकोन. यूटीएफ-८मधली (वेबवर चालणारी पद्धत) देवनागरी ३७मध्ये बसतच नाही, जे बसत नाही त्याच्या जागी एक ठरावीक बदली चिन्ह येतं. आख्खं पान बदली कामगारांनी भरलेलं.

मीच_तो_कोबोलवाला

देवनागरीसाठी वेगळा एब्सिडिक आहे, सीसीएसआयडी ११३७. पण तुमच्या डब्याला तो यायला हवा, त्यात जोडाक्षरं जुळवणारा फॉन्ट हवा, आणि एका पडद्यावर एकच बोली. नाद सोडा.

जुनं_खोड

एकेकाळी अक्षरी टर्मिनलवर जोडाक्षरं आपल्या पुण्यातच जुळवत होते. सी-डॅक ह्या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट. मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढे सी-डॅकने जिस्ट कार्ड आणि जिस्ट टर्मिनल काढलं. कार्ड पीसीत खोचायचं की डॉसमधल्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये मराठी. टर्मिनल युनिक्सला जोडायचं. एकाच की-बोर्डवर, इन्स्क्रिप्ट मांडणीत, सगळ्या भारतीय लिप्या. त्याच्यामागचं इस्की (भारतीय लिप्यांना आकडे द्यायची पद्धत) १९९१मध्ये आयएस १३१९४ म्हणून मानक झालं. सी-डॅकची स्थापनाही १९८८चीच, एएस/४००च्या वर्षाची. मी एका सहकारी पतपेढीत जिस्टच्या टर्मिनलवर खातेदारांची नावं भरलीयत. 'क्ष' टाइप केल्यावर क, हलन्त आणि ष आधी सुटे दिसायचे आणि मग टुणकन एक व्हायचे. ते बघायला मॅनेजर येऊन उभे राहायचे.

सर्व्हरसुंदरी

काका, ह्याच्यावर स्वतंत्र धागा काढा. प्लीज.

बाय द वे, जावास्क्रिप्टचं काय? निम्मी वेब तर त्याशिवाय उघडत नाही.

हिरवा_पडदा

निम्मी काय, माझ्या मोजणीत जास्तच. क्रिकेटचा स्कोअर बघायला गेलो. २४३ दुवे निघाले. सबफाइल ९९९९ ओळींपर्यंत घेते म्हणून निभावलं. तेरा पानं खाली गेलो (रोल अप दाबत, जुन्या ५२५०च्या की-बोर्डवर पेज डाउनला रोल अप म्हणतात, ह्याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही). दुवा १८७ला सामन्याचं नाव दिसलं. १८७, एंटर. उत्तर आलं, कृपया जावास्क्रिप्ट चालू करा.

विकिपीडिया मात्र सुंदर दिसतो. सरकारी परिपत्रकांची जुनी पानं, ज्यांना सगळे हसतात, तीसुद्धा उत्तम. हवामानाचं डब्ल्यूटीटीआर नावाचं एक ठिकाण आहे, ते मुळातच अक्षरी टर्मिनलसाठी केलेलं, ढगसुद्धा डॅश आणि कंसांनी काढतं. ते तर ५२५०साठीच जन्मल्यासारखं वाटतं. फक्त अंशाचं चिन्ह आणि बाण नीट आले नाहीत.

टेलनेट_तात्या

जावास्क्रिप्ट हवंच असेल तर ब्राउश आहे, २०१८चं. आत खराखुरा फायरफॉक्स चालवतं आणि त्याचं चित्र अक्षरांच्या ठोकळ्यांत उतरवतं. पण ते पुन्हा फोनवर बोलणारं, माउसही मागणारं. ५२५०ला काही उपयोग नाही. त्या लिनक्स डब्यावर बिनपडद्याचा क्रोम ठेवून, पान त्याच्यात शिजवून मग मांजरापुढे ठेवता येईल. शिजेपर्यंत काकूंचा की-बोर्ड लॉक राहील, आणि त्या रीसेट दाबत बसतील, एवढंच.

चाकणचा_चक्रम

माझी एक गंभीर शंका, हसू नका. ऑडिटर आला आणि त्याने विचारलं की प्रॉडक्शन मशीनच्या मेन्यूत हा 'वेब' पर्याय काय आहे, तर?

हिरवा_पडदा

हसत नाहीये, त्याचाच विचार करून ठेवलाय. लिनक्स डब्यावर स्क्विड (कोणती ठिकाणं उघडू द्यायची ते ठरवणारा प्रोग्रॅम) बसवलं, त्यात अकरा ठिकाणांची यादी, बाकी सगळं बंद. कोणी काय उघडलं ह्याची नोंद युजरच्या नावासकट. पर्याय फक्त माझ्या आणि काकूंच्या प्रोफाइलला दिसतो. आणि आयटीच्या साहेबांची मेलवर परवानगी घेतली. त्यांनी उत्तरात फक्त 'ओके, पण का?' लिहिलंय.

रोचेस्टरवाली

शेजारच्या काकांना अकरा ठिकाणांच्या यादीबद्दल सांगितलं. त्यांना यादी हवीये.

हिरवा_पडदा

आयएफएससी, पिनकोड, हवामान, विकिपीडिया, दोन सरकारी, आणि बाकी काकूंची शिफारस. त्यात एक पंचांगाचं पान होतं, पण ते पूर्ण देवनागरीत, म्हणून बदली कामगारांनी भरलेलं. त्या फार हिरमुसल्या. खोडकाका, त्या जिस्टच्या धाग्याचं मनावर घ्याच.

काल त्यांना पहिल्यांदा स्वतः वापरायला दिलं. मेन्यूत पर्याय १४. पत्ता म्हणून विकिपीडिया आधीच भरलेलं. शोधखिडकी चालत नाही, म्हणून मी विषय टाकायला वेगळी खिडकी दिलीये. त्यांनी चष्मा पुसला, इंग्रजीत 'नी रिप्लेसमेंट' टाइप केलं आणि उजवीकडची कंट्रोल कळ दाबली (जुन्या ५२५०वाल्यांचा एंटर तोच). दोन सेकंद 'थांबा' सांगणारा एक्स दिसला, मग पान आलं. त्या शांतपणे वाचत गेल्या, रोल अप, रोल अप. मी मागे उभा. मधेच थांबून म्हणाल्या, 'ह्यात जाहिराती नाहीत.'

मग जरा वेळाने, आवाज खाली आणून: 'एफ३ दाबलं तर सगळ्यांचं इंटरनेट बंद होईल का रे?'

मीच_तो_कोबोलवाला

हो म्हणायचं होतं.

हिरवा_पडदा

म्हणालो. तेव्हापासून एफ१२ने बाहेर पडतायत, एकेक पान मागे जात. काल ४१ वेळा दाबलं, नोंदीत दिसतंय. आज जाऊन खरं सांगतो.